दसऱ्याला न उठलेलं मशीन

राजूरला गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-फुलांची दुकानं जिथं संपतात, तिथं 'अर्पिता फोटो अँड व्हिडिओ' अशी पाटी आहे. अर्पिता ही मालकाची लेक. ती जालन्याला कॉलेजात शिकते आणि फोटो काढून घ्यायचा म्हटलं की तोंड फिरवते. मालकाचं नाव कल्याण साबळे. माणूस सरळ, कामाला चोख, पण इतका काळजीखोर की त्याच्या शेजारी जरा वेळ बसलं तर धडधाकट माणसालाही आपलं काहीतरी घरी राहिलंय असं वाटायला लागावं.

लग्नाच्या शूटिंगला निघाला की तो वेशीपर्यंत जाणार, गाडी लावणार, बॅगेत हात घालून बॅटऱ्या चाचपणार आणि मग पुढं जाणार. भर उन्हाळ्यात कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी सोबत. कुलूप लावलं तरी ते ओढून बघायचं, आणि घरी पोचल्यावर बायकोला विचारायचं की मी कुलूप ओढून बघितलं होतं का. बायको दैवशाला हे सगळं इतकी वर्षं बघत आलेली. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यांच्या जिवाला घोर नसला की यांना करमत न्हाई."

पण काळजीला कारण नव्हतं असंही नाही. कल्याणचे वडील अंकुशनगरला साखर कारखान्यात गेटवर होते. पोरगा कारखान्यात चिकटेल ही त्यांची आशा, आणि पोरगा जालन्यात एका स्टुडिओत फिल्म धुवायला शिकला. लग्नानंतर सासरच्या गावी राजूरला आला आणि देवळापुढं फोटो काढायला लागला. नवा ट्रॅक्टर आणणारे, जावळ काढायला आलेले, जोडीनं दर्शनाला आलेले, सगळ्यांना फोटो लागायचा. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि तो धंदा बसला. कल्याणनं व्हिडिओचा कॅमेरा घेतला, एक कॉम्प्युटर घेतला, मिक्सिंग, म्हणजे टिपलेले तुकडे कापून-जोडून वर गाणी चढवायला, शिकला. आजूबाजूच्या गावांतली लग्नं त्याच्याकडं यायला लागली. घर सावरलं ते त्या कॉम्प्युटरनं.

आणि त्या कॉम्प्युटरचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची. काही वर्षांपूर्वी त्यातली डिस्क टक टक आवाज करत एका दुपारी मेली होती. तिच्यात एका घरचा साखरपुडा होता. त्या घरचा माणूस आला, दुकानात बाकड्यावर बसला, काही बोलला नाही, आणि संध्याकाळी उठून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर कल्याणला बरं वाटलं असतं. तेव्हापासून मशीन चालू करताना कल्याण कान पुढं करून ऐकायचा.

तर यंदा दसऱ्याला त्या मशीनमध्ये होतं केदारखेड्याच्या रखमाजींच्या लेकीचं लग्न.

लग्न झालं वैशाखात. धंद्याची रीत अशी, की रात्री लग्नावरून आलं की कॅमेऱ्यातली कार्डं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची आणि पुसून टाकायची, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न. फोटोंचा अल्बम देऊन झाला. व्हिडिओचं मिक्सिंग राहिलं. आता यात एक गोष्ट धंद्यातले सगळे जाणतात पण कबूल करत नाहीत. जो तगादा लावतो त्याचं काम आधी होतं. रखमाजी तगादा लावणारे नव्हते. चतुर्थीला दर्शनाला आले की दुकानात डोकावायचे, "झालं का हो?" विचारायचे, कल्याण "होऊन राह्यलं" म्हणायचा, आणि ते मान डोलावून पुढं जायचे. श्रावणात एका सकाळी शेतात बांधावर बसले ते उठलेच नाहीत. कल्याण दहाव्याला गेला होता. तिथं त्याला मान वर करवेना.

मग नवरात्रात रखमाजींच्या लेकीचा, प्रियाचा फोन आला. ती लग्न होऊन पुण्याकडं गेलेली, नवरा तिकडं कंपनीत. वडील गेल्यावरचा पहिला दसरा म्हणून ती माहेरी येणार होती. तिनं व्हिडिओचं विचारलं, आणि कल्याण नेहमीसारखं मिक्सिंगचं सांगायला लागला तर तिनं मध्येच थांबवलं.

"काका, मिक्सिंग राहू द्या. हाय तसा द्या. मला अप्पांचं बोलणं ऐकायचंय फक्त. त्यांचा साधा फोन व्हता, आमच्या कोणाकडंच त्यांचा आवाज न्हाई."

कल्याण हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं त्याच क्षणी उठून ते पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायला हवं होतं. पण नवरात्रात देवीच्या मंडळांची शूटिंगं होती, माणूस घरी येऊन आडवा व्हायचा. खंडेनवमीला करू असं ठरवलं. खंडेनवमीला दुपारपर्यंत एका मंडळाच्या होमाचं शूटिंग निघालं, आणि संध्याकाळी पूजेची वेळ झाली.

खंडेनवमीला ज्याच्या हाताला जे हत्यार त्याची पूजा. शेतकऱ्यांची खुरपी-कुदळी, सुताराची रंधा-करवत, तसे कल्याणचे कॅमेरे, तिपाई, दिवे आणि टेबलाखालून वर काढलेली कॉम्प्युटरची पेटी. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दैवशालानं वाटीत हळद आणि कुंकू पाण्यात कालवून दिलं. कल्याणनं कॅमेऱ्यांना बोट टेकवलं, तिपाईला टेकवलं, आणि पेटीपुढं आल्यावर त्याला रखमाजींची आठवण झाली. पेटीच्या वरच्या अंगाला पुढं तिचं चालू करायचं मोठं बटण. कपाळ म्हणायचं तर तेच. त्यानं त्यावर हळद लावली, कुंकू लावलं, तेवढ्यानं मन भरेना म्हणून पुन्हा बोट बुडवून भरपूर ओलं कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि डोळे मिटून मागणं मागितलं की एवढं एक काम सुखरूप हातावेगळं होऊ दे. दैवशाला म्हणाली की पुरे आता, नवरी नाही ती.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून कल्याण दुकानात आला. हार काढला, पेटी जागेवर ठेवली, वायरी जोडल्या, नमस्कार करून बटण दाबलं.

पंखा फिरला. निळा दिवा लागला. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उमटलं, आणि सगळं गप झालं.

कल्याणनं परत बटण दाबलं. काहीच नाही. वायर काढली, थोडं थांबला, परत लावली, दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, माणसानं दोन-चार श्वास घ्यावेत तेवढा वेळ चाललं आणि पुन्हा गप. 

आधी त्यानं विजेवर संशय घेतला, कारण राजूरला विजेवर संशय घेणं केव्हाही बरोबरच असतं. पण दुकानातला पंखा बराबर फिरत होता, मोबाइल चार्ज होत होता. मग दुसरं सॉकेट. मग स्क्रीनची वायर काढून पेटीला लावून बघितली. तेच. चालू व्हायचं, क्षणभर जगायचं, जायचं. कधी कधी तर चालूच व्हायचं नाही. प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी तो देवाचं नाव घ्यायचा, कारण अशी धाडकन वीज तुटली की डिस्कला इजा होते असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. म्हणजे मशीन चालू करून बघावं तर डिस्क मरायची भीती, आणि न बघावं तर ती जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. तो पेटीला कान लावून टक टक ऐकायला बसला. मशीन बंद होतं आणि तरी त्याला टक टक ऐकू येत होतं. ते त्याच्याच छातीतलं होतं.

भोकरदनला अतिक नावाचा दुरुस्तीवाला होता, कल्याणची सगळी मशीनं तोच बघायचा. दसरा असला तरी त्याचं दुकान उघडं असणार. फोनवर अतिकनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आधी बाजूचं झाकण उघडा, धूळ झटका, रॅमची पट्टी काढा आणि तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासून परत बसवा. शंभरातली नव्वद मशीनं एवढ्यावर उठतात असं त्याचं म्हणणं. कल्याणनं मुलीच्या जुन्या कंपासपेटीतलं खोडरबर शोधून आणलं. झाकण उघडलं तर आत धुळीचे पुंजके. तोंडानं फुंकर मारली तर सगळी धूळ डोळ्यांत गेली. पट्टी काढली, घासली, बसवली. ती खट्कन बसली की नाही याची खात्री होईना म्हणून परत काढली आणि परत बसवली. असं त्यानं इतक्यांदा केलं, की पट्टी ठीक असती तरी आता ती बिघडायची त्यालाच भीती वाटली. बटण दाबलं. पंखा, दिवा, चिन्ह, अंधार.

दुसऱ्या फोनला अतिक म्हणाला, मग एसएमपीएस गेलं असणार. म्हणजे पेटीच्या मागच्या बाजूला जो डबा सगळ्यांना वीज वाटून देतो, तो. ते बदललं की झालं.

"डिस्क तं न्हाई ना गेली?" कल्याणनं विचारलं.

"अभी कसं सांगू, भाऊ? तुम्ही डिस्क काढून घेऊन या न इकडं. दुसऱ्या मशीनला लावून पाहू."

हे सोपं होतं आणि कल्याणला ते बिलकुल जमणारं नव्हतं. डिस्क काढायची, पिशवीत घालायची आणि खड्ड्यांतून मोटारसायकलवर भोकरदनला न्यायची. वाटेत पिशवी पडली तर. धक्का बसला तर. आणि पोचली तरी अतिकचं मशीन विचारणार की ही डिस्क साफ करू का, आणि गिऱ्हाइकांच्या घाईत अतिकचं बोट 'हो'वर पडलं तर.  त्यानं अतिकलाच यायची विनवणी केली. अतिकनं दुकानातली कामं सांगितली, मग कल्याणच्या आवाजातलं काहीतरी ऐकून म्हणाला की येतो, नवीन डबा घेऊनच येतो.

अतिक यायच्या आधी प्रिया आली.

दुकानाच्या दारात ती साध्या साडीत उभी होती. रस्त्यानं पोरं आपट्याची पानं वाटत फिरत होती, तिच्या हातात काही नव्हतं. तिच्या घरी यंदा सण नव्हता. कल्याण जमिनीवर उघड्या पेटीपुढं बसलेला, हातात खोडरबर. तो इतक्या झटकन उठला की त्याचं डोकं टेबलाला लागलं.

आणि मग तो खोटं बोलला. म्हणाला, "पूजेला ठेवलेलं मशीन हाय ना ताई, विजय मुहूर्त लागल्याशिवाय हात लावत न्हाईत. बसा तुम्ही जरा."

पेटीचं पोट उघडं, वायरी बाहेर आलेल्या, आणि हा म्हणतोय हात लावत नाहीत. प्रियानं पेटीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि काही न बोलता बाकड्यावर बसली. तेच ते बाकडं. तिथं असं न बोलता बसलेलं माणूस कल्याणनं आधी एकदा बघितलं होतं. 

दैवशाला चहा घेऊन आली, तिनं प्रियाला जवळ घेतलं, आईची चौकशी केली. मग नवऱ्याकडं बघून सरळ म्हणाली, "खरं काय ते सांगा की तिला. ती काय परकी हाय?"

कल्याणनं सांगितलं. मशीन सकाळपासून उठत नाही, अतिक येऊन राहिलाय, आणि लग्नाचं सगळं याच एका पेटीत आहे, दुसरीकडं कुठंच नाही. शेवटचं वाक्य त्याच्या तोंडातून फार हळू निघालं. प्रियानं कप खाली ठेवला. तिनं एवढंच विचारलं की आज नाही उठलं तर उद्या उठेल का. तिचं उद्या सकाळचं पुण्याचं बसचं तिकीट होतं, पण बस चुकली तर चुकली, ती म्हणाली.  उद्याचा प्रश्न नव्हताच. डिस्क जिवंत असेल तर असेल आणि नसेल तर रखमाजींचा आवाज आता जगात कुठंच नसेल, आणि हे त्याच्यामुळं झालेलं असेल. हे त्याला समोर बसलेल्या पोरीला सांगवेना.

अतिक आला तो घामाघूम, पाठीला बॅग. हातपाय न धुता खाली बसला. आणलेला नवा डबा जोडला, जुना बाजूला केला, बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला.  चिन्ह उमटलं, आणि गेलं.

अतिकनं डोकं खाजवलं. तो पडेल तोंडाचा माणूस नव्हता, पण आता त्याच्याही चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्यानं पंख्याखालची पांढरं मलम बघितलं, मदरबोर्डावरचा गोल सेल काढून परत घातलं, रॅमची दुसरी पट्टी लावून बघितली. प्रत्येक खेपेला तेच. शेवटी तो म्हणाला की मग बोर्डच गेला वाटतं, आणि बोर्ड गेला म्हणजे मोठं काम. कल्याणनं विचारलं की डिस्क? अतिक म्हणाला की भाऊ, आधी बोर्ड तर बघू द्या. कल्याणनं परत विचारलं की पण डिस्क? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दैवशालानं त्याचा दंड धरून त्याला मागं घेतलं.

अतिकनं डिस्कची वायर काढून ठेवली, निदान तिला तरी धक्के नकोत म्हणून, आणि पुन्हा एकदा बटण दाबलं. या वेळी त्यानं बोट उचललं आणि बोटाकडं बघत राहिला. बोटाचं टोक लाल झालं होतं. आधी त्याला वाटलं पत्रा लागून कापलं. पॅन्टला पुसलं तर रक्त नव्हतं.

"भाऊ, ह्या बटणाला काय लावलंय?"

"कुंकू," कल्याण म्हणाला. "पूजा केल्ती काल."

"वाळलेलं का ओलं?"

"ओलं. कालवून लावल्तं."

अतिकनं नखानं बटणाच्या कडेला खरवडलं. कुंकवाचा आणि हळदीचा कडक पापुद्रा निघाला. बटण खाली गेलेलं होतं आणि वर यायचं नाव घेत नव्हतं. चिमटीत धरून ओढलं तेव्हा चिकट आवाज करत थोडं वर आलं. अतिक दोन्ही हात मांडीवर टेकून हसायला लागला आणि मग प्रियाकडं बघून एकदम थांबला.

त्यानं समजावून सांगितलं ते कोणालाही कळेल असं होतं. हे बटण एकदा दाबून सोडलं की मशीन चालू होतं. पण ते काही क्षण दाबूनच धरलं, तर मशीन समजतं की मालकाला आपल्याला जबरदस्तीनं बंद करायचं आहे, आणि ते बंद होतं. ओलं कुंकू फटीतून आत उतरून रात्रीत वाळलं, दाबलेलं बटण बराच वेळ दाबलेलंच राहायचं आणि मग सावकाश वर यायचं. सकाळपासून कल्याण मशीन चालू करत होता आणि त्याच बोटानं बंदही करत होता.

बोर्डावरून बटणाची बारीक वायर अतिकनं उपटली आणि उघड्या पडलेल्या टाचणीसारख्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला. दिवा लागला. चिन्ह आलं आणि राहिलं. पंखा फिरतच राहिला. मग त्यानं मशीन रीतसर बंद करून डिस्कची वायर परत जोडली. हा क्षण कल्याणला सकाळपासूनच्या सगळ्यांपेक्षा जड गेला. त्यानं भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटून घेतले. त्याला काही बघायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. टक टक आली नाही. दैवशाला म्हणाली, "उघडा डोळे. आलं सगळं."

स्क्रीनवर अर्पिताचा लहानपणीचा फोटो आला, त्याच्यावर लग्नांच्या फोल्डरांच्या रांगा. त्यात 'केदारखेडा, प्रिया' असं लिहिलेलं होतं. कल्याणचा जीव भांड्यात पडला. पेनड्राइव्ह लावून त्यानं सगळ्यात आधी ते फोल्डर उतरवायला टाकलं आणि मगच खुर्ची ओढून बसला.

प्रिया त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. म्हणाली, अप्पा जिथं दिसतात तेवढं दाखवा.

आणि इथून कल्याणला नवी धास्ती लागली. कारण रखमाजी दिसेनात. वरात दिसली, व्याह्यांच्या भेटी दिसल्या पण त्यात गळाभेटीला उभे होते थोरले चुलते. त्या घराची रीत अशी, की घरातल्या पोरींचं कन्यादानसुद्धा थोरल्या भावाच्या हातून व्हायचं, आणि रखमाजी धाकटे. कन्यादानाला चुलते-चुलती. सत्काराला फेटे बांधलेले पुढारी, एकामागून एक, कल्याणनं मन लावून टिपलेले. मंगलाष्टकं, वाजंत्री, नवरदेवाचे मित्र नाचताना कितीतरी वेळ. पंगतीत रखमाजी नव्हते, कारण ते वाढणाऱ्यांच्या मागं होते. पाठवणीला नव्हते, कारण ते वऱ्हाडाच्या गाड्या बघायला गेले होते, किंवा तसं सांगून गेले होते. लेकीच्या लग्नात बाप जिथं जिथं असतो, तिथं तिथं कॅमेरा जात नाही. कल्याणनं इतकी लग्नं टिपली आणि हे त्याच्या आज ध्यानात आलं.

 प्रिया नुसती पुढं पुढं म्हणत होती. फोल्डर संपत आलं.

शेवटी राहिलं 'खराब' नावाचं फोल्डर. हललेले, अंधारलेले, कोणीतरी मध्ये आलेले असे तुकडे कल्याण त्यात टाकायचा आणि मिक्सिंगला बसला की सगळ्यात आधी ते पुसून मोकळा व्हायचा. मिक्सिंगला तो बसलाच नव्हता म्हणून ते उरलं होतं. त्यानं फारशी आशा न धरता ते उघडलं.

तिसऱ्या की चौथ्या तुकड्यात मामा प्रियाला स्टेजकडं घेऊन येत होता. कॅमेरा तिच्यावर होता. तेवढ्यात कोणीतरी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस अक्षतांची टोपली घेऊन मध्ये आला आणि थांबला. पूर्ण स्क्रीनभर त्याची घामेजलेली पाठ. नवरी त्याच्या मागं झाकून गेली. मग कॅमेऱ्याच्या मागून कल्याणचा स्वतःचा आवाज आला, चढलेला, खेकसणारा.

"ओ पाहुणे, सरा ना बाजूला. नवरी झाकून राह्यली."

पाठ वळली. ते रखमाजी होते. फेटा एका कानावर आलेला, चेहरा घामानं चमकत असलेला, आणि हसत होते. क्षणभर त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं.

"सरलो, सरलो. तिला नीट येऊ द्या बरं का. मी काय, कुठूनबी पाहतो."

आणि ते सरले. पण गेले नाहीत. स्क्रीनच्या कडेला त्यांच्या टोपलीचा काठ आणि कोपर तुकडा संपेपर्यंत दिसत राहिलं. मधोमध प्रिया पायऱ्या चढत होती.

 अतिक बॅग भरता भरता थांबला होता. दैवशालानं पदर तोंडाला लावला. कल्याणला कानांत आग लागल्यासारखं झालं. वैशाखात त्यानं पाठ बघून ओळखलं नव्हतं, आणि तेव्हा ओळखलं असतं तरी तो असाच ओरडला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं. 

"ताई, माझा आवाज तेवढा काढता येतो. काढून देतो मी. लई वाईट वाटून राह्यलं ते."

प्रियाची नजर स्क्रीनवरून हलली नाही. गालांवरून पाणी चाललं होतं, ते तिनं पुसलं नाही.

"नका काढू, काका. तुम्ही सरा म्हणले म्हनून तं अप्पा बोलले. त्याच्यावर गाणंबिणं काही टाकू नका. अन् परत लावा एकडाव."

कल्याणनं परत लावलं. पांढरी पाठ आली, त्याचा खेकसलेला आवाज दुकानात घुमला आणि तो मान खाली घालून बसून राहिला. प्रिया स्टूल ओढून स्क्रीनजवळ सरकली. या वेळी रखमाजी वळले तेव्हा तीही त्यांच्याबरोबर हळूच म्हणत होती, सरलो, सरलो, तिला नीट येऊ द्या बरं का. कल्याणनं आवाज कमी केला नाही. संपलं की तो न सांगताच परत लावत होता.